काळ्या मसाल्याला काळी बीअर: मराठवाड्याच्या थंडीतली जोडी कशी जमवायची

मार्गशीर्ष लागला की मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांत भाजणं वाढतं. खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर जाते, कांदा सालासकट चुलीत, वांगं गोवऱ्यांच्या आरात, आणि शेतात आगटीमध्ये ज्वारीची कणसं. डार्क बीअर म्हणजे तरी काय? जवाला मोड आणायचे, ते वाळवायचं, त्यातलं थोडं काळं होईस्तोवर भाजायचं आणि त्याचा काढा आंबवायचा. इंग्लंडात १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफीसारखं फिरत्या पिंपात माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पोर्टर आणि स्टाउट या बीअर आजच्यासारख्या खऱ्या काळ्या झाल्या. म्हणजे या बीअरसाठी परदेशी स्टू रांधत बसायची गरज नाही. भाजल्याची चव आपल्या ताटात आधीच आहे. अडचणी दोनच, तिखट आणि आंबट, आणि खाली बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे.

रंगावरून कडकपणा ठरत नाही

काळी दिसते म्हणजे जबर असणार, हा समज आधी काढून टाका. गिनेस ड्राफ्ट या आयरिश स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं. आपल्याकडच्या दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी पिवळीधमक लागर (थंड ठेवून सावकाश आंबवलेली बीअर) ८ टक्क्यांपर्यंत जाते. रंग येतो भाजलेल्या माल्टमधून, आणि तेही शंभर किलो धान्यात पाच-दहा किलोच पुरतं. तेव्हा बाटली घेताना रंगाआधी लेबलवरचा टक्का वाचा. जेवणासोबत ४ ते ६ टक्क्यांची बीअर बरी. त्यावरची बीअर छोट्या ग्लासात, जेवणाच्या शेवटी.

चवीच्या हिशेबाने डार्क बीअरची साधारण अशी घराणी आहेत. जर्मन डुंकेल आणि श्वार्ट्सबिअर या काळसर लागर, पाच टक्क्यांच्या आसपास. भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी चव, कडूपणा कमी. पोर्टर मूळची लंडनची. कोको आणि जळत आलेल्या साखरेची आठवण देणारी. ड्राय स्टाउट म्हणजे गिनेसचा प्रकार: बिनसाखरेच्या कॉफीसारखी कोरडी, कडवट. ओटमील स्टाउटमध्ये ओट असल्याने ती जिभेवर मऊ लागते. मिल्क स्टाउटमध्ये दूध नसतं, लॅक्टोज ही दुधातली साखर असते. बीअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, म्हणून गोडवा शिल्लक राहतो. (लॅक्टोज पचत नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.) बेल्जियमची दुब्बेल मनुका, खजूर आणि लवंगेकडे झुकते, ६.५ ते ७.५ टक्के. डॉपेलबॉक ही जाड, माल्टने भरलेली जर्मन लागर, साधारण ७-८ टक्के. श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची असूनही गोडसर असते. उष्ण देशांतल्या स्टाउटचा स्वभावच तसा. आणि इम्पीरियल स्टाउट ८ टक्क्यांपासून बारापर्यंत किंवा पुढे जाते. ती जेवणासोबत नकोच.

बाटली मिळवणं आणि तपासणं

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा पट्ट्यात बीअरचे मोठमोठे कारखाने आहेत, पण तिथून निघते ती जवळजवळ सगळी फिकी लागर. जायकवाडीच्या पाण्यावर एवढी बीअर होते आणि गावात काळी बाटली शोधावी लागते, ही गंमतच. संभाजीनगर किंवा नांदेडच्या मोठ्या दुकानात चौकशी करा, नाहीतर पुण्याहून येणाऱ्याला सांगा. महाराष्ट्रात पिण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी परवाना लागतो. सौम्य बीअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत होते ती जुन्या मालाने. आयात केलेली बाटली आपल्याकडे हळू खपते. ती एक उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढून आली असेल, तर ४२ अंशांच्या उष्म्याने तिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा सोया सॉससारखी होते. म्हणून भरल्याची तारीख बघा. सहा टक्क्यांखालची बीअर नऊ-दहा महिन्यांहून जुनी असेल तर सोडा. सात-आठ टक्क्यांच्या पुढची दीड वर्षापर्यंत चालून जाते. हिरवी किंवा पांढरी काच टाळा. उजेडाने हॉप्समधली (बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं फुटतात आणि उग्र, कुबट वास येतो. तपकिरी बाटली किंवा कॅन उत्तम. दुकानाच्या दर्शनी फळीवर ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली मागू नका, खोक्यातली मागा.

किती गार?

इथे बहुतेकांची चूक होते. लागर जशी बर्फागार पितात तशी स्टाउट प्यायली तर भाजल्याची चव दबते आणि उरतो नुसता कडूपणा. डुंकेल आणि श्वार्ट्सबिअर ७ ते ९ अंशांवर, पोर्टर-स्टाउट ८ ते १२, दुब्बेल आणि डॉपेलबॉक १० ते १३, इम्पीरियल १२ ते १४. फ्रिजमधून ४-५ अंशांवरची बाटली काढली तर डिसेंबरातल्या घरात पोर्टरला साधारण २०-२५ मिनिटं बाहेर ठेवावं लागतं, दुब्बेलला ४० मिनिटं.

मराठवाड्यात ही थंडी फुकट मिळते. परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली येतो. रात्रभर गच्चीवर, पाण्याच्या बादलीत उभी ठेवलेली बाटली सकाळी योग्य गार असते. ती उन्हं यायच्या आत घरात घ्या आणि अंधारात ठेवा. संध्याकाळी घाई असेल तर बादलीत पाणी, एक ट्रे बर्फ आणि मूठभर मीठ टाकून १५ मिनिटं पुरतात. फ्रीझरमध्ये मात्र बाटली विसरू नका. पाच टक्क्यांची बीअर उणे दोन-तीन अंशांवर गोठू लागते, फुगते आणि काच तडकते.

ग्लास

बोअरचं पाणी जड असलेल्या गावांत ग्लासवर पांढरी साय धरते आणि फेस टिकत नाही. लिंबाची फोड किंवा चमचाभर व्हिनेगर फिरवा, मग खाण्याच्या सोड्याने चोळा, गरम पाण्याने खळखळून धुवा आणि उपडा वाळवा. फडक्याने पुसू नका. स्वयंपाकघरातल्या फडक्यात तेल असतंच, आणि तेलाचा अंशही फेस मारतो. ओतल्यावर ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून राहिले तर समजा की ग्लास अजून कळकट आहे.

ओतताना ग्लास तिरका धरा, तीन भाग भरला की सरळ करा, वर दोन बोटं बदामी फेस येऊ द्या. गिनेसच्या कॅनमध्ये पोकळ चेंडू असतो; ही युक्ती पहिल्यांदा १९८८ मध्ये, वेगळ्या आकारात आली. झाकण उघडताच हा चेंडू नायट्रोजन सोडतो. हा कॅन नीट गार केलेला नसेल तर उघडताच फेस टेबलावर येतो, म्हणून त्याला फ्रिजच बरा, गच्ची नको.

जुळवणीचा हिशेब

भाजण्याला भाजणं भिडवा, पण एक पायरी हलकं ठेवून. पदार्थ गडद भाजलेला असेल तर बीअर मध्यम भाजलेली, आणि उलट. दोन्हीकडे टोक गाठलं की तोंडात राख उरते. जळालेला काळा मसाला आणि ड्राय स्टाउट एकत्र घेऊन बघितलं की पटतं.

तिखटाचं गणित निराळं. अल्कोहोल तोंडातल्या त्याच नसांना चाळवतं ज्यांना मिरची चाळवते, गॅसचे बुडबुडे त्यावर टोचतात, आणि हॉप्सचा कडूपणा आग लांबवतो. म्हणून तर्रीदार रश्श्यासोबत ८ टक्क्यांची कडवट, सुसाट गॅसची बीअर म्हणजे आगीत तेल. तिखट वाढेल तसा बीअरमध्ये गोडवा वाढवा आणि टक्का खाली आणा. मिल्क स्टाउट इथे उपयोगी आहे, पण ती दह्यासारखी आग विझवत नाही. दह्या-दुधात केसीन हे प्रथिन असतं, ते तिखट धुऊन नेतं. बीअरमध्ये ते नाही, फक्त साखर आहे. आमचं स्पष्ट मत असं की बीअर बदलत बसण्यापेक्षा त्या दिवशी मसाला निम्मा करावा.

मीठ कडूपणा दाबतं, हे लक्षात ठेवा. खारे शेंगदाणे आणि स्टाउट जमतं ते त्यामुळेच. आंबटाचं मात्र जमत नाही. काळं भाजलेलं धान्य स्वतःच आंबूस असतं. त्यावर अंबाडी, चिंच, चुका, कढी आलं की बीअर पातळ आणि पत्र्यासारखी लागते. वेळ अमावस्येच्या भज्जीत आंबट असतंच, आणि लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शेतात आंबील असते. तिथे बाटली नेण्याचं काही कारण नाही.

काळ्या मसाल्याचं मटण, पोर्टरच्या बेताने

चौघांसाठी: हाडासकट मटण ७५० ग्रॅम, मध्यम कांदे ३, सुकं खोबरं ५० ग्रॅम, लसूण १५ पाकळ्या, आलं इंचभर, तीळ १ मोठा चमचा, खसखस १ छोटा चमचा, काळा मसाला २ मोठे चमचे (एरवी चार लागतात), हळद अर्धा छोटा चमचा, तेल ४ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, गरम पाणी ६०० मिलि, आणि डुंकेल किंवा गोडसर पोर्टर १०० मिलि. विकतच्या मसाल्यात मीठ असू शकतं. असेल तर वरचं मीठ एक चमच्यावर आणा.

मटणाला हळद, निम्मं मीठ आणि वाटलेलं आलं-लसूण चोळून तासभर ठेवा. दोन कांदे सालासकट थेट आचेवर भाजा, साल काळी होईल आणि आतला गर मऊ पडेल तेवढेच. वरची जळकी पाती काढून टाका. खोबरं गॅसवर चिमट्यात धरून कडा तांबूस-काळ्या होईपर्यंत फिरवा. पेटलं तर फुंकून विझवा आणि जळकी कड सुरीने खरवडा. ही खरवड आळसाने राहिली की कडू रस्सा ठरलेला, आणि त्याचं खापर मग बीअरवर फुटतं. तीळ-खसखस कोरडी परतून सगळं मिळून बारीक वाटा.

तेलात उरलेला कांदा बारीक चिरून बदामी करा, मटण टाकून मोठ्या आचेवर ७-८ मिनिटं परता. पाणी आटलं की बीअर घाला आणि दोन मिनिटं उकळा, जास्त नाही. बीअर आटवत राहिलात तर पाणी उडतं, कडूपणा मागे राहतो आणि दाट होतो. म्हणून १०० मिलिच, आणि म्हणून कडवट ड्राय स्टाउट नको. आता वाटण आणि काळा मसाला घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. गरम पाणी आणि बाकीचं मीठ घालून कुकरला पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, पुढच्या चार-पाच मध्यम आचेवर. बोकड जून असेल तर आणखी दोन. झाकण उघडून दहा मिनिटं उकळा आणि वर आलेली निम्मी तर्री चमच्याने काढून वाटीत ठेवा. तिखट खाणाऱ्याला ती वरून घेता येते, बाकीच्यांना बीअर लागते.

पाहुणे यायच्या आधी एक चमचा रस्सा आणि एक घोट बीअर घेऊन बघा. आग लागली तर रश्श्यात अर्धा छोटा चमचा गूळ आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घालून पाच मिनिटं उकळा. तरीही टोचत असेल तर ग्लासातली बीअर चमच्याने जोरात ढवळून गॅस कमी करा. विचित्र दिसतं, पण काम होतं. सोबत ज्वारीची जाड भाकरी ठेवा, तांदूळ नको. भाकरीचा खरपूसपणा पोर्टरशी जुळतो आणि तिखटही शोषलं जातं. जालन्याची दगडी ज्वारी मिळाली तर तिचीच करा.

नान खलिया

महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्करासोबत नान आणि मटणाच्या रश्श्याचा हा पदार्थ आला असं संभाजीनगरकर सांगतात. खलिया तिखटापेक्षा गरम मसाल्यावर चालतो: लवंग, वेलची, दालचिनी, वर लालसर-पिवळी तर्री. त्यामुळे इथे पोर्टरचा कोको उपरा वाटतो. दुब्बेल घ्या. तिच्या यीस्टमधून लवंगेसारखाच वास येतो, आणि मनुकांचा गोडवा मटणाच्या चरबीला पेलतो. दुब्बेल न मिळाल्यास डॉपेलबॉक. ७ टक्क्यांची बीअर असल्याने माणशी १५०-१८० मिलिच्या पुढे नको.

खलियाच्या जुन्या हॉटेलांत दारू चालत नाही, मागूही नये. पार्सल घरी आणा. नान थंड होऊन चिवट होतो, तेव्हा त्यावर पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकण ठेवा, एक मिनिट एका बाजूने, अर्धं मिनिट दुसऱ्या. तर्री इथेही निम्मी काढा. दुब्बेलच्या बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा आणि शेवटचा बोटभर भाग ओतू नका.

बिनमटणाचं ताट

खरं सांगायचं तर सगळ्यात सोपी जोडी वांग्याची आहे. निखाऱ्यावर भाजलेल्या भरताला डुंकेल किंवा श्वार्ट्सबिअर लावा. धूर दोन्हीकडून मध्यम राहतो. भरतात हिरवी मिरची बेताने, लिंबू नाही, दही घालायचं असेल तर गोड. शेंगदाणा, तीळ आणि काळा मसाला भरलेल्या वांग्यांना ओटमील स्टाउट, कारण कुटाचा तेलकटपणा आणि ओटचा मऊपणा एकाच पोताचे आहेत.

येसर आमटी ही डार्क बीअरसाठीच जन्माला आल्यासारखी आहे. येसर म्हणजे धान्यं-डाळी आणि मसाले खमंग भाजून केलेलं पीठ, म्हणजे बीअरच्या माल्टचा सख्खा चुलतभाऊच. आमटी नेहमीपेक्षा जरा दाट ठेवा, चिंच-कोकम वगळा, आणि पोर्टर ओता. सोलाण्यांची किंवा तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी मात्र हिरवी, गोडसर असते. तिला स्टाउट झाकून टाकते. डुंकेलच्या पुढे जाऊ नका.

कारळ-जवसाच्या चटण्या चमचाभर, तेल घालून. कारळ कडवट असतो. ड्राय स्टाउटसोबत तो त्रास देतो, मिल्क स्टाउटसोबत गोड वागतो.

हुरडा

आगटीतून निघालेला गरम हुरडा कोवळा, दुधाळ, गोड असतो. गूळभेंडी असो की सुरती, त्याची चव नाजूकच. इथे पोर्टरही जड पडते. ७-८ अंशांवरची श्वार्ट्सबिअर, लहान ग्लासात, आणि सोबत शेंगदाण्याची कमी तिखट चटणी, मीठ जरा चढं. गूळ-रेवड्या त्या वेळी बाजूला ठेवा. गोड खाल्ल्यावर हलकी बीअर आंबट लागते.

एक सावधगिरी. थंडीत बीअर घेतली की ऊब आल्यासारखं वाटतं ते खोटं असतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. शेतातल्या उघड्या रात्री घोंगडी लागतेच, आणि गाडी चालवणारा माणूस आधीच ठरवून त्याच्या हातात बीअरऐवजी उसाचा रस द्यावा लागतो.

शेवटचं गोड

धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचा पेढा खवा तांबूस होईस्तोवर भाजून करतात. त्याच्याबरोबर इम्पीरियल स्टाउट किंवा लायन स्टाउट, १२-१४ अंशांवर, माणशी ८० मिलि. ३३० मिलिची एक बाटली चौघांना पुरते. नियम एवढाच की बीअर पदार्थापेक्षा कमी गोड चालत नाही, नाहीतर ती काढ्यासारखी लागते. म्हणूनच गुळपोळीसोबत ड्राय स्टाउट फसते. गुळपोळीवर तूप घालता तेव्हा मिल्क स्टाउट ठेवा आणि पोळी गरमच वाढा. गार गुळाचा गोडवा चिकट होऊन बसतो.

चौघांच्या संध्याकाळचा हिशेब असा धरा: जेवणासोबत ३३० मिलिच्या चार बाटल्या डुंकेल किंवा पोर्टर, शेवटी एक कडक बाटली वाटून. क्रम हलक्याकडून जडाकडे. उलट केलात तर दुसरी बीअर पाणी लागते. प्रत्येक ग्लासशेजारी साध्या पाण्याचा तांब्या. आधी घास, मग घोट, मग पुन्हा घास.

उघडून उरलेली पोर्टर दुसऱ्या दिवशी पिण्यासारखी राहत नाही. तिचा १०० मिलि दोन वाट्या धपाट्याच्या पिठात पाण्याऐवजी घाला, पीठ मळण्याआधी बीअर चाखून बघा, आणि फार कडू असेल तर निम्मी घेऊन उरलेलं पाणी घाला. या पिठाला तवा मध्यमच ठेवा. बीअरमधल्या साखरेने धपाटं एरवीपेक्षा लवकर करपतं.